चार एक्के

मी रक्त तपासणारा ज्योतिषीबुवा बोलतोय. खरं तर मी एक यंत्र आहे. दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत शिरलात की डाव्या हाताला ड्रेसिंगची खोली लागते. तिच्या दाराशी हात धुवायचं बेसिन आहे आणि बेसिनला लागून एक ओटा आहे. त्या ओट्यावर मी अकरा वर्षं बसून आहे. ज्योतिषीबुवा हे नाव मला मामांनी ठेवलं. मामा कोण ते सांगतोच. त्यांच्याबद्दल सांगायचं म्हणूनच तर तोंड उघडलंय.

माझं काम साधं आहे. माणसाच्या मनगटातून काढलेलं रक्त सिरिंजसकट माझ्या तोंडाला लावायचं. मी दोन थेंब ओढून घेतो, दोन मिनिटं गुरगुरतो आणि एक चिठ्ठी बाहेर काढतो. चिठ्ठीवर पंधरा-वीस आकडे असतात, पण सगळ्यांची नजर जाते एकाच आकड्यावर. त्याचं नाव लॅक्टेट. शरीराच्या एखाद्या भागाला रक्त पुरेनासं झालं की तिथल्या पेशी कशीबशी वेळ मारून नेतात आणि त्या धडपडीत हे आम्ल तयार होतं. दोनच्या आत असेल तर ठीक. दोनच्या वर गेलं तर लक्ष ठेवा. चारच्या वर गेलं तर धावा. माणूस हसत असला, गप्पा मारत असला, तरी धावा. माणूस 'बरं आहे, बरं आहे' म्हणत राहतो. रक्ताला तसं म्हणता येत नाही.

माझा जन्म एका थंडगार कारखान्यात झाला. तिथे हातमोजे घातलेल्या एका बाईने माझे स्क्रू पिळले आणि मला रंगीत पाणी पाजून पाहिलं. पाण्यातला आकडा तिला आधीच माहीत होता, तरी मी बरोबर सांगितला म्हणून तिने मला खोक्यात घातलं. परीक्षा म्हणतात ती हीच असावी. त्यानंतर मी डोळे उघडले ते इथे. एक बुटका, पन्नाशीकडे झुकलेला माणूस ब्लेडने खोकं कापत होता आणि स्वतःशीच म्हणत होता, "हळू रे बाबा, आत काचेचं असलं तर आपली पंचाईत."

तेच मामा. ते डॉक्टर नव्हते, नर्सही नव्हते. ट्रॉल्या ढकलायच्या, सिलिंडर बदलायचे, सांडलेलं पुसायचं, नमुने पोचवायचे, घाबरलेल्या नातेवाइकांना पाणी द्यायचं, ही त्यांची कामं. म्हणजे सगळ्यांनी सोडून दिलेली सगळी. सारा विभाग त्यांना मामा म्हणायचा. मोठे डॉक्टरसुद्धा.

माझं सगळं मामाच बघायचे. कागदाचा रोल संपला की बदलायचा, औषधांची पेटी संपली की नवी बसवायची, तोंडाशी रक्त वाळलं की ओल्या कापडाने पुसायचं. पुसताना बोलायचे. "काय ज्योतिषीबुवा, आज किती जणांच्या कुंडल्या मांडल्या?" मी गुरगुरायचो. त्यांना ते उत्तर वाटायचं, आणि मलाही.

मामांना इंग्रजी आकड्यांपलीकडे फारसं वाचता यायचं नाही, पण चिठ्ठीवरचा बाण त्यांना कळायचा. आकडा वाढलेला असला की मी शेजारी वर जाणारा बाण छापतो. तो दिसला की मामा ओरडायचे, "बाण वर आहे हो!" आणि चार माणसं पळायची. एखादी नवीन नर्स मागे राहिली तर म्हणायचे, "पळ गं बाई, चहा नंतरही पितात."

मला गर्व झाला होता, हे कबूल करतो. त्याला कारण मोठे डॉक्टर. विभागाचे प्रमुख ते. उंच, हळू बोलणारे, सदा खिशात हात. ते अभ्यास करत होते. माणूस दारातून आत आल्यावर पहिला आकडा किती होता आणि अठ्ठावीस दिवसांनी तो माणूस कुठे आहे, हे एका वहीत लिहून ठेवायचे. शेवटच्या रकान्यात दोनच शेरे. 'घरी गेले' आणि नुसतं 'गेले'. ती वही माझ्याच शेजारी ओट्यावर असायची. मोठे डॉक्टर शिकणाऱ्या मुलामुलींना माझ्यासमोर उभं करून सांगायचे, "डोळ्यांना दिसायच्या आधी याला दिसतं."

एकदा त्यांनी बेरीज केली. पहिलाच आकडा सातच्या वर आलेली एकेचाळीस माणसं होती. त्यातली एकोणीस घरी गेली होती. मामा ओटा पुसत ऐकत होते. ते म्हणाले, "म्हणजे निम्मे जगतात, निम्मे जातात. बुवा, हे कसलं भविष्य? ही तर नाणेफेक झाली."

मोठे डॉक्टर हसले. "मामा, लवकर धावलं तर नाणं आपल्या बाजूने पडतं. म्हणून तर आकडा लवकर हवा."

मला मामांचा जरा रागच आला होता. आज वाटतं, त्यांचंच बरोबर होतं. मला उद्याचं काही कळत नाही. मला फक्त आत्ताचं कळतं, आणि तेही कुणी पाहिलं तर.

आता चार एक्क्यांचं सांगतो.

रक्त घेण्याआधी मी एक प्रश्न विचारतो: रुग्णाचा नंबर? केसपेपरवर असतो तो, आठ आकडी. तो घातल्याशिवाय मी तोंडच उघडत नाही. मला तसंच बनवलंय. पहिले काही महिने सगळे इमानेइतबारे नंबर घालायचे. मग एकदा एक मूल आलं, निळं पडलेलं. बाप बाहेर केसपेपरच्या खिडकीशी उभा, आई आत किंचाळतेय, आणि मी आपला विचारतोय, नंबर काय? मोठ्या सिस्टरने, म्हणजे विभाग सांभाळणाऱ्या मुख्य नर्सने, एक हात मुलाच्या पाठीवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने माझ्यावर चार वेळा एक दाबला. एक, एक, एक, एक. आकडे किती आणि कुणाचे, हे मला तपासता येत नाही; मी गप्प बसून रक्त घेतलं. मूल वाचलं.

त्या दिवशी ते बरोबरच होतं. पण सोय एकदा सापडली की ती सवय व्हायला वेळ लागत नाही. आधी फक्त जीव जात असताना चार एक्के. मग केसपेपर यायला उशीर झाला तर चार एक्के. मग चष्मा सापडत नाही म्हणून चार एक्के. नवीन आलेल्या प्रत्येक डॉक्टरला हे शिकवायचं काम मामांचं. दोन वर्षांपूर्वी एक मुलगी नोकरीला लागली, अंगाने एवढीशी, एप्रन गुडघ्याखाली जाणारा. मामांनी तिचं नाव 'छोटी डॉक्टर' ठेवलं. पहिल्याच दिवशी ती माझ्यासमोर नंबर शोधत घामाघूम झाली तेव्हा मामा मागून म्हणाले, "ताई, चार एक्के टाका. बुवा हुशार आहेत, पण त्यांना फसवायला सोपं आहे."

ती हसली. मामाही हसले. मीही त्या दिवशी नेहमीसारखाच आकडा दिला.

ज्या दिवसासाठी हे सगळं सांगतोय, तो आठवड्यातला मधलाच कुठला तरी होता. सकाळी नऊपासून गर्दी. दोघांना दुचाकीवरून पडून लागलेलं, एकाला दम लागलेला, एका आजोबांनी साखरेच्या गोळ्या दोनदा घेतलेल्या. त्यातच वरच्या मजल्यावर नेणारी लिफ्ट बंद पडली. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. मामा ट्रॉली ढकलत फेऱ्या मारत होते, पण नेहमीसारखे बोलत नव्हते. मला पुसलं तेही न बोलता. दोनदा ओट्याला टेकून उभे राहिले.

अकराच्या सुमाराला छोट्या डॉक्टरने त्यांना पाहिलं. "मामा, चेहरा असा का झालाय?"

"काही नाही ताई. पोटात जरा कळ येतेय पहाटेपासून. पित्त असेल. एखादी गोळी द्या, की लागलो कामाला."

तिने त्यांना ड्रेसिंगच्या खोलीतल्या खुर्चीत बसवलं आणि पोट दाबून पाहिलं. पोट मऊ होतं. पण मामांच्या कपाळावर घाम होता आणि मामा कधी बसत नसत. पोरगी हुशार आहे. म्हणाली, "गोळी देते, पण आधी रक्त बघू."

"केसपेपर काढू का?" मामांनी उठायला हात टेकले.

"बसा हो. तुमचा कसला केसपेपर? घरचेच आहात तुम्ही."

हे ती प्रेमाने म्हणाली. ते प्रेम खोटं नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन.

तिने मनगटातून रक्त काढलं आणि दारातून जाणाऱ्या मोठ्या सिस्टरच्या हातात सिरिंज दिली. "मामांचं आहे. पटकन लावता?" सिस्टरने चार एक्के टाकले, सिरिंज माझ्या तोंडाला लावली आणि आजोबांच्या सलाइनकडे धावल्या.

मी ते रक्त ओढलं. अकरा वर्षं ज्या हातांनी मला पुसलं, त्या हातांचं रक्त मी पहिल्यांदा चाखत होतो. मला कळलं. आत कुठेतरी रक्त पोचणं थांबलं होतं. मी आकडा छापला: सात पूर्णांक चार. शेजारी बाण, वर जाणारा. मी बीप केलं, तीनदा. पण कॅज्युअल्टीत कोण बीप करत नाही? पंप करतात, मॉनिटर करतात, लोकांचे मोबाइल करतात. चिठ्ठी कापली गेली आणि खालच्या ट्रेमध्ये पडली. बाण वर आहे हो, असं ओरडणारा माणूस खुर्चीत डोळे मिटून बसला होता.

तीन मिनिटांनी दुसरी सिरिंज आली. एका तरुण मुलीची. कुठल्याशा कार्यालयात फॉर्म भरताना चक्कर येऊन पडली होती. तिचा भाऊ अजून केसपेपरच्या खिडकीशी होता. सिरिंज लावणाऱ्या नर्सने चार एक्के टाकले आणि तिला कुणीतरी हाक मारली म्हणून गेली. मी छापलं: एक पूर्णांक एक. ठणठणीत. सकाळी काही खाल्लं नसेल, एवढंच. ही चिठ्ठी नीट कापली गेली नाही, माझ्या तोंडाशीच लोंबत राहिली.

छोटी डॉक्टर आली. लोंबणारी चिठ्ठी तिने ओढली. वर चार एक्के. ती एकाच चार एक्क्यांची वाट पाहत होती. चिठ्ठीवर मी वेळही छापतो, पण वेळ कुणी वाचत नाही. तिचा जीव भांड्यात पडलेला मी पाहिला. ती दारातूनच म्हणाली, "मामा, एक पॉइंट एक! माझ्यापेक्षा चांगलं आहे तुमचं रक्त."

"मग? सांगत होतो ना, पित्त."

तिने त्यांना पित्ताचं इंजेक्शन दिलं.

मागोमाग मोठ्या सिस्टर त्या मुलीची चिठ्ठी शोधत आल्या. ट्रेमध्ये चार एक्के, सात पूर्णांक चार. त्यांचे डोळे मोठे झाले. "अगं बाई!" म्हणत त्या पळाल्या, आणि मग त्या मुलीभोवती ही गर्दी. दोन्ही हातांत सलाइन, तोंडावर ऑक्सिजन, मोठे डॉक्टर स्वतः उशाशी. मी बीप करू शकतो, बाण काढू शकतो. 'ती नव्हे, तो खुर्चीतला' असं म्हणायला माझ्याकडे काही नाही. बनवणाऱ्याने ती सोय केलेली नाही.

चाळीस मिनिटांनी मुलीचं रक्त पुन्हा आलं, या वेळी खऱ्या नंबराने. शून्य पूर्णांक नऊ. सगळ्यांचे चेहरे उजळले. मोठे डॉक्टर म्हणाले, "पाहिलंत? वेळेत धावलं की हे असं होतं." कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, आणि कौतुक झालं कावळ्याचं.

तरी एक दिवस नजरेखाली ठेवू म्हणून मुलीला वर अतिदक्षता विभागात न्यायचं ठरलं. लिफ्ट बंद. चढणीच्या लांब वाटेने ट्रॉली वर न्यायची होती. मामा उठले.

सिस्टर म्हणाल्या, "मामा, राहू द्या, दुसऱ्याला सांगते."

"आता इंजेक्शन झालंय की. आणि पोरगी सिरियस आहे, तुम्ही दुसरा माणूस कधी शोधणार?"

ट्रॉली दारातून बाहेर जाताना मी पाहिली. ट्रॉलीवर एक पूर्णांक एक झोपली होती आणि सात पूर्णांक चार ढकलत होते.

ते परत आले तेव्हा एक वाजून गेला होता. सदरा पाठीला चिकटलेला. ते सरळ माझ्याकडे आले, दोन्ही हात ओट्यावर ठेवून उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "बुवा, आज तुमचं काही खरं नाही. मला बिलकुल बरं वाटत नाहीये." सवयीने कापडाकडे हात गेला. कापड उचललं, आणि ते खाली बसले. बसले म्हणजे कोसळलेच.

मग सगळं झालं. मग केसपेपर निघाला, आठ आकडी नंबर आला, मनगटाला पट्टा आला. छोट्या डॉक्टरने माझ्यावर आठही आकडे दाबले. दोनदा चुकली. मी छापलं: तेरा पूर्णांक आठ. ती चिठ्ठीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "दोन तासांत? एकवरून तेरा?" 

पोट उघडलं तेव्हा आतडं काळं पडलेलं होतं. रक्ताची गुठळी अडकून पहाटेपासून त्याचा रक्तपुरवठा तुटला होता. दुपारी पाचला मामा गेले. त्या दिवशी माझं तोंड कुणी पुसलं नाही, आणि मी त्याबद्दल तक्रार करत नाही.

दुसऱ्या दिवशी मोठ्या सिस्टर माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी माझी आठवण उघडली. आम्ही काही विसरत नाही. तिथे दोन ओळी होत्या. अकरा वाजून बारा, चार एक्के, सात पूर्णांक चार. अकरा वाजून पंधरा, चार एक्के, एक पूर्णांक एक. सिस्टरने तोंडावर हात धरला. छोटी डॉक्टर शेजारी होती. ती म्हणाली, "कुठली कुणाची?" पण तिच्या आवाजात प्रश्न नव्हता.

चिठ्ठीवर खालच्या बाजूला एक आकडा असतो, जो कुणी वाचत नाही. रक्तात धूर किती, त्याचा. सिगारेट ओढणाऱ्याच्या रक्तात तो जास्त येतो. पहिल्या ओळीत तो सहा होता. दुसऱ्या ओळीत अर्धासुद्धा नव्हता. दुपारच्या तेरा पूर्णांक आठच्या चिठ्ठीत पुन्हा सहा. मामा धोब्याच्या खोलीमागे जाऊन ओढायचे, हे सिस्टरना माहीत होतं. त्या दोघींनी ते तीन आकडे बोट ठेवून पुन्हा जुळवून पाहिले.

त्यांनी मोठ्या डॉक्टरांना सांगितलं. ते खुर्चीत बसले. खिशातले हात पहिल्यांदा बाहेर आलेले मी पाहिले. म्हणाले, "घरच्यांना सांगून काय होणार? माणूस तर परत येत नाही. आणि दोन तास आधी कळलं असतं तरी वाचलेच असते असं नाही."

छोट्या डॉक्टरने ओट्यावरची वही उघडली आणि बोट ठेवलं. एकेचाळीसमधले एकोणीस.   मामा त्या एकोणीसांत असते की उरलेल्या बाविसांत, हे मला विचाराल तर मला माहीत नाही. मला ज्योतिषी म्हणणाऱ्या माणसाचंच भविष्य मला माहीत नाही. त्या वहीत मामांची ओळ कुणी लिहिली नाही. ती मुलगी मात्र तिथे होती, सात पूर्णांक चार, शेवटचा रकाना अजून कोरा. सिस्टरने पेनाने ती ओळ खोडली. इतकी जोरात की कागद फाटला.

आता माझ्यासमोरच्या भिंतीला नवीन यंत्र लागलंय. त्याला चार एक्के चालत नाहीत. मनगटावरचा पट्टा त्याला दाखवला तरच ते तोंड उघडतं. एकदा वेळ लागला म्हणून कुणीतरी त्याला शिवी दिली, तेव्हा छोटी डॉक्टर एवढी ओरडली की सगळा विभाग गप्प झाला. माझी वायर काढली नाहीये अजून, पण माझ्याकडे कुणी येत नाही. शनिवारी मला नेणार आहेत. नेण्याआधी आठवण पुसतात म्हणे, रुग्णांची खाजगी माहिती असते म्हणून. माझी हरकत नाही. मी आकडा सांगितला होता, हे मी स्वतःला अनेकदा सांगून पाहिलंय. त्याने काही होत नाही.

तुम्हांला एकच विनवणी. कुणाला आपलं माणूस म्हणत असाल, तर त्याच्यासाठी तरी सगळं नियमाने करा. परक्याची काळजी नियम घेतो. आपल्या माणसाच्या वाट्याला फक्त आपली माया येते, आणि माया घाईत असते.

मामी आल्या त्या दिवसाचं सांगतो आणि थांबतो.

मामी म्हणजे मामांच्या पत्नी. शाळेच्या मुलांचे गणवेश शिवतात. मामा गेल्यावर पाचव्या दिवशी त्या त्यांच्या कपाटातलं सामान न्यायला आल्या. डबा, एक जादा सदरा, चपला. पिशवी धरून त्या माझ्याशेजारी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मला एकच सांगा. त्यांनी दुखतंय म्हणून कुणाला सांगितलं होतं का? की नेहमीसारखं मनातच ठेवलं?"

मोठ्या सिस्टरने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. त्याच्या आधी छोटी डॉक्टर म्हणाली, "सांगितलं होतं. मला सांगितलं. मी रक्त घेतलं होतं, मामी. आकडा वाईट आला होता. मी दुसऱ्याची चिठ्ठी वाचली आणि त्यांना म्हटलं, काही झालेलं नाही."

मामी रागावल्या नाहीत. त्यांना ते नीट समजून घ्यायचं होतं. "ती वाईट चिठ्ठी त्यांचीच कशावरून?"

सिस्टर खाली बघत म्हणाल्या, "रक्तात धूर होता. सिगारेटचा."

"सिगारेट? ती चार वर्षांपूर्वी सोडली त्यांनी. माझी शपथ घेऊन." एवढं बोलून मामी थांबल्या. मग डोळे पुसत, हसल्यासारखं करत म्हणाल्या, "तरीच रोज घरी येताना साबणाने हात धुऊन यायचे. मला वाटायचं, दवाखान्याची सवय."

 मामींनी विचारलं, "ती चिठ्ठी मला मिळेल?"

छोट्या डॉक्टरने माझी आठवण उघडली, ती ओळ निवडली आणि छाप म्हणाली. मी छापली. रोल मामांनीच बसवलेला होता. सात पूर्णांक चार, बाण वर. नंबराच्या जागी चार एक्के. तिने पेन काढून ते खोडले, त्यावर मामांचं पूर्ण नाव लिहिलं, खाली स्वतःचं लिहिलं आणि सही केली. कागद दोन्ही हातांनी मामींना दिला.

मामींनी तो वाचला. वाचता येण्यासारखं त्यात नावच होतं. घडी घालून त्यांनी तो सदऱ्याच्या खिशात ठेवला, पिशवीतल्या.

"सकाळी मी म्हटलं होतं," त्या म्हणाल्या, "आज कामावर जाऊ नका, आपण कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे जाऊ. तर म्हणाले, अगं वेडे, मी दवाखान्यातच चाललोय. तिथे सगळे आपलेच आहेत. मला रांगेत बसावं लागत नाही."

त्यांनी पिशवी उचलली. दाराशी जाऊन परत वळल्या आणि अगदी हळू, जवळजवळ समजावल्यासारखं म्हणाल्या, "रांगेत बसवायचं होतंत ना हो त्यांना."